मामाचं नाक आणि पिवळी साडी

आई मला लहानपणापासून चोंबडी म्हणते, आणि ते काही खोटं नाही. रिक्षात शेजारी बसलेल्या बाईच्या पिशवीत काय आहे हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. शाळेत बाई फळ्यावर लिहायला लागल्या की माझं लक्ष अक्षरांकडे नसायचं, आज यांच्या डाव्या हातात एक बांगडी कमी का, याकडे असायचं. आणि नुसतं बघून गप्प बसेन तर शप्पथ! विचारणारच. "तुझ्या जिभेला काही हाड?" असं आई म्हणाली नाही असा आठवडा गेला नसेल. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या लग्नाच्या साडीचं जे काही झालं, त्यात निम्मा वाटा त्या वर्षी आलेल्या साथीच्या रोगाचा होता आणि निम्मा माझ्या तोंडाचा.

आम्ही पनवेलला राहायचो, उरण नाक्यापासून चालत दहा मिनिटांवर. आई मूळची करंज्याची, बंदरावरच्या कोळीवाड्यातली. मी पाचवीत असताना माझे वडील गेले. तेव्हापासून आमच्या घरातली अडलीनडली सगळी कामं मामानं करंज्याहून येऊन केली. शाळेचा दाखला आणायला मामा, गॅसची नळी बदलायला मामा, दहावीच्या निकालाला पेढे घेऊन येणाराही मामाच. आईचा हा थोरला भाऊ. आई त्याला दादा म्हणायची, आणि तो आईला 'बाय'.

मामाची एका होडीत भागी होती, पण खरा धंदा सुक्या मासळीचा. बोंबील, जवळा, मांदेली पोत्यांनी घ्यायची आणि गावोगावच्या बाजारांना पाठवायची. त्या धंद्यात मामाचं नाक म्हणजे नाक होतं! पोत्याची सुतळी सोडायची, एकदाच नाक आत घालायचं आणि सांगून मोकळं व्हायचं, "ह्यो परवा भिजलेला हाय. वरून सुका, आतून वला." पोतं ओतलं की तसंच निघायचं. सुट्टीत करंज्याला गेले की मी त्याच्या मागे मागे. मामा, ओल्याचा वास कसा असतो? वाळूचा वेगळा येतो का? मीठ कमी पडलेलं कसं कळतं? तो कधी कंटाळला नाही. "हुंग," म्हणायचा आणि माझं डोकं धरून पोत्यात घालायचा. "एकदाच हुंगायचं. दोनदा हुंगलं की नाक फसतं." आई लांबून ओरडायची, की पोरीच्या केसांना आता आठवडाभर वास येईल.

पण हाच मामा पनवेलला यायचं म्हटलं की दोनदा साबण लावून आंघोळ करायचा, लिंबाच्या फोडीनं बोटं घासायचा. तरी बोटांना जवळ्याचा वास राहायचाच. तो कातडीत मुरलेला होता, लिंबाला काय दाद देणार? मला तो वास आवडायचा. मी तापानं फणफणलेली असले आणि कपाळावर हात आला की डोळे न उघडता कळायचं, मामा आला.

माझं लग्न ठरलं ते रोग यायच्या जरा आधी. मुलगा पनवेलचाच, माझ्याच कॉलेजातला, शुद्ध शाकाहारी घरातला. ठरवलं आम्हीच होतं, घरच्यांनी फक्त होकार द्यायचा होता. बोलणीच्या दिवशी बंदरावर लिलाव लांबला आणि मामा आंघोळ न करता तसाच आला. त्यांच्या सोफ्यावर बसला. शेजारी मुलाच्या आत्या होत्या. त्यांनी हळूच पदर नाकाला लावला. मामा उठला, खिडकीपाशी गेला आणि सगळी बोलणी त्यानं उभ्यानं केली.

परत येताना मी विचारलंच, "मामा, तू उठलास का रे?"

आईनं मला असा चिमटा काढला की दंडावर दोन दिवस वळ होता. मामा म्हणाला, "खिडकीतून वारा बरा येत होता गो." मग रिक्षा आमच्या दारात थांबल्यावर आईला हळूच म्हणाला, "बाय, लग्नात पोरीच्या मागं दुसऱ्या कुनाला तरी उभं कर."

हे मी ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. आमच्यात भटजी हाक देतात, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मामा मुलीला अंतरपाटापाशी आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागे उभा राहतो. ज्या मुलीला बाप नाही तिच्या मागे तर तेवढा एकच माणूस असतो. मी रस्त्यातच मामाला सुनावलं, "तू मागे नसशील तर मी उभीच राहणार नाही. कळलं?" तो हसला. हो म्हणाला नाही.

मग तो रोग आला आणि मे महिन्यातली आमची तारीख गेली. जूनअखेरची दुसरी तारीख काढली, पन्नास माणसांत. दुकानं थोडीथोडी उघडायला लागली होती, पण कशी? रस्त्याच्या एका बाजूची आज, दुसऱ्या बाजूची उद्या. साडी उजव्या हाताच्या दुकानातली आणि ब्लाउजपीस डाव्या हाताच्या, तर दोन्ही एका दिवशी मिळणं अशक्य. एका दिवशी साडी बघायची, रंग डोळ्यांत साठवून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी समोर जाऊन तसाच रंग सांगायचा. मला तर मजाच वाटत होती. इतकी वर्षं बघितलेल्या कापडबाजाराचा अर्धाच भाग जागा आणि अर्धा झोपलेला असं कधी पाहिलं होतं? आई वैतागायची, मी मात्र बंद दुकानांच्या पाट्या वाचत चालायचे.

लग्नात घालायची पिवळी साडी मामानं द्यायची असते. होड्या पावसाळी मासेमारीबंदीमुळे किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या, म्हणून मामा मोकळाच होता. स्कूटरवरून आला. नाकातोंडाला मोठं फडकं बांधलेलं, आणि स्वारी खुशीत. "ह्यो रोग एका अर्थी बरा," म्हणाला. "आता सगल्यांच्याच नाकाला फडकं. कोन कोनाला नाक मुरडनार?" आई म्हणाली, "दादा, काहीतरी अभद्र बोलू नकोस." तो खो खो हसला, आणि हसता हसता खोकला. खोकल्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मी पण नाही, आणि म्हणे मी चोंबडी!

साडीबद्दल मामाच्या मनात एक जुनी सल होती. आईच्या लग्नाची पिवळी साडी त्यानंच आणली होती, मुंबईच्या कुठल्याशा दुकानातून, रेशमी म्हणून. होमाजवळ बसलेली असताना एक ठिणगी पदरावर उडाली. रेशीम असतं तर काळा डाग पडून राख झाली असती. तो पदर मेणासारखा वितळला आणि त्याची कडक गोळी झाली. सगळ्या मांडवानं पाहिलं. 'भावानं प्लास्टिक नेसवलं' असं कुणीतरी म्हणालं, आणि ते वाक्य मामाच्या काळजात जाऊन बसलं ते बसलंच. तेव्हापासून रेशीम म्हटलं की मामा एक दोरा ओढून काडीनं जाळायचा आणि हुंगायचा. खऱ्या रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो.

दुकान जुनं, शेठही जुने. कामाची माणसं गावाला गेलेली, म्हणून शेठ एकटेच होते. दारात दोरी बांधलेली, खडूची वर्तुळं काढलेली, कपाळावर ताप मोजायचं यंत्र. मामाला ताप निघाला नाही. आमच्या तिघांच्या हातावर शेठनी सॅनिटायझर ओतलं. आत एका कोपऱ्यात साड्यांचा वेगळा ढीग होता. मी विचारलं, "ह्या का वेगळ्या ठेवल्यात?"

"गिऱ्हाइकांनी हात लावलेल्या," शेठ म्हणाले. "तीन दिवस कुणाला दाखवत नाही."

"म्हणजे साड्याही क्वारंटाइन?"

"काय करता, ताई! माणसांना जागा मिळेना, पण साड्यांना आहे." चेहऱ्यासमोर पारदर्शक काच, नाकाला मास्क, आणि वरून त्यांनी पिवळी साडी स्वतःच्याच खांद्यावर घेतली. पदर हातावर पसरला, एक गिरकी घेतली. एरवी हे काम त्यांचा माणूस करायचा, पण शेठ त्याच्याहून झोकात होते. साडी हळदीच्या रंगाची, काठ हिरवे. मला बघताक्षणी आवडली. आईचे डोळे भरले. आई मास्कमध्ये रडायला लागली की तिला श्वास घेता यायचा नाही, म्हणून मी तिला बाजूला घेतलं.

मामानं खिशातून काडेपेटी काढली. शेठ समजले. "जाणकार गिऱ्हाईक दिसता," म्हणत त्यांनी पदराच्या टोकाचा एक दोरा स्वतःच ओढून दिला. मामा काडी ओढणार इतक्यात ते ओरडले, "भाऊ, थांबा, थांबा! हात सुकू द्या. सॅनिटायझर आहे, दोऱ्याच्या आधी तुम्हीच पेटाल!" मग आम्ही चौघंही उभ्या उभ्या हात हलवत राहिलो. शेठनी कुठलंही सॅनिटायझर लावलेलं नव्हतं, तरी तेही हलवत होते.

दोरा पेटला, करपत वर गेला, विझला. मामानं फडकं खाली केलं आणि एकदाच हुंगलं. मग थांबला. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, मामानं दुसऱ्यांदा हुंगलं.

"शेठ, ह्याला वास नाय."

"वास नाही कसा? अस्सल माल आहे."

"केस जलल्याचा वास यायला होवा. ह्याला कायच नाय. कागद हाय ह्यो."

शेठनी राख चिमटीत धरून दाखवली. तिचा भुगा झाला. "बघा, गोळी झाली का?"

"राख कागदाची पन व्हते. राख फसवते, नाक फसवत नाय." मामानं दुसरा दोरा ओढला, जाळला. मग तिसरा. त्याचा आवाज चढला. "एकदा माज्या बहिनीला फसवलं. आता पोरीला फसवताय!"

"मी कुणाला फसवलं हो?" शेठ बिचारे साडी खांद्यावर घेऊनच भांडत होते. आई म्हणत होती, "दादा, ते दुकान हे नव्हे, अरे, ते दुकान वेगळं."

आणि मी माझ्या वर्तुळात उभी होते, आणि मला वास येत होता. चांगला सणसणीत. मास्कच्या आतपर्यंत आला होता, केसाची बट दिव्यावर धरल्यासारखा. पहिल्यांदा वाटलं, मामा भाव पाडण्यासाठी नाटक करतोय. मग त्याचा चेहरा पाहिला. नाटक नव्हतं. आणि मला असं झालं की हे आहे तरी काय, आत्ताच्या आत्ता कळलं पाहिजे.

"मामा, हे हुंग." मी शेठच्या टेबलावरची सॅनिटायझरची बाटली त्याच्या नाकाखाली धरली. "काय वास येतो?"

"कायच नाय."

"आणि हे?" आईच्या पर्समधला बाम. त्यानं मान हलवली. आईच्या पिशवीत त्याच दिवशी घेतलेला हिंगाचा पुडा होता. मी तो फोडला. अख्खं दुकान हिंगानं भरलं. शेठ शिंकले.

"आणि हे, मामा? हिंग आहे, हिंग!"

"नाय गो," मामा म्हणाला. आता त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता. त्यानं स्वतःची बोटं नाकापाशी नेली, उजव्या हाताची, मग डाव्या हाताची. ज्या बोटांचा वास लिंबानं घासून जात नव्हता ती बोटं. तो नुसता बघत राहिला त्यांच्याकडे.

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. त्याचा हात धरून बाहेर न्यायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि कोडं सुटल्याच्या आनंदात मी मोठ्यानं ओरडले, "मामा, तुला तो झालाय! कालच मोबाइलवर वाचलं मी, ताप नसला तरी वास जातो. तेच हे!"

बाहेरच्या वर्तुळात एक बाई नंबर लावून उभी होती. ती गायब झाली. शेठ दोन पावलं मागे सरकले, खांद्यावरची साडी घसरून खाली पडली. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की तो चिमटा परवडला असता. मामानं फडकं वर ओढलं, त्यावर रुमाल बांधला, आणि रस्त्याच्या पार पलीकडे, बंद दुकानांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. आम्ही जवळ जायला लागलो तर हात वर करून थांबवलं. "लांब ऱ्हा." तोवर आजूबाजूच्या चार दुकानांतून माणसं डोकावून बघायला लागली होती. तो स्कूटर चालू करून निघून गेला.

मला अजून त्या आनंदाची लाज वाटते. खरंच वाटते.

तपासणीत तेच निघालं. आधी घरात, मग सेंटरमध्ये, मग चार दिवस ऑक्सिजनवर. करंज्याला त्याच्या दारासमोर बांबू बांधले. बंदरावर कळलं, बाजारात कळलं. सुकं म्हावरं घेणारे लोक त्याच्या पोत्यांपासून लांब राहायला लागले. आईनं आणि मी तपासून घेतलं, आम्हाला काही नव्हतं. त्या चार दिवसांत आई देवासमोरून उठली नाही, आणि मी दर तासाला मामीला फोन करून विचारायचे, श्वास कसा आहे, ऑक्सिजनचा आकडा किती आहे, जेवला का, काय जेवला? शेवटी मामी म्हणाली, "बस कर गो. तू इचारतेस नि मना भ्या वाटतंय."

लग्न पुढे ढकलायचं मी ठरवलं. नवऱ्या मुलाला फोन केला, तर तो म्हणाला, "मामा नसताना तुला उभी केली तर तू मला भर मांडवात ओरबाडशील. ढकलू पुढे." माणूस बरा निवडला होता मी.

मामा घरी आला, पण माझ्याशी बोलेना. मी फोन उचलला की, "आयला दे." बस, एवढंच. रागावला असता, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पाच महिने मी त्या दोन शब्दांवर काढले. आणि त्याचं नाक काही परत आलं नाही. पोती हुंगायला आता मामी बसायची. मामा शेजारी उभा राहून तिला विचारायचा, "कसा हाय? वला हाय कं?" मामी म्हणायची, "मना काय कलतंय तुमच्यासारखं!"

दिवाळी झाली, तुळशीची लग्नं लागली आणि आमची तिसरी तारीख निघाली. आई आणि मी पुन्हा त्याच दुकानात गेलो. आमच्यानंतर शेठना दुकान बंद ठेवावं लागलं होतं, त्यांना झालं मात्र काही नव्हतं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी कपाटातून पिवळी साडी काढून समोर ठेवली.

"तीन दोरे ओढलेली साडी दुसऱ्या कुणाला देणार?" म्हणाले. "भाऊंचं नाक आलं का?"

"नाही."

"मग आता अस्सल-नकली कोण ठरवणार?"

मी मामाला फोन लावला. म्हटलं, मामा, दुकानात आहे, साडी तीच आहे, फोन ठेवू नकोस. तो म्हणाला, "तूच हुंग."

मी चौथा दोरा ओढला. शेठनी काडी ओढली. मी एकदाच हुंगलं आणि फोनवर सांगायला लागले. "केस जळल्यासारखा येतोय, मामा. लहानपणी दिव्यावर वाकले होते आणि पुढची बट जळली होती ना, अगदी तसा. आणि मागून थोडा, कसा सांगू, भाजलेल्या पिसासारखा. आता कमी झाला. राखेचा भुगा झाला, गोळी नाही."

पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता. मला वाटतं तोही हुंगत असावा, फोनला नाक लावून. "मंग अस्सल हाय," तो म्हणाला. "घे."

आणि मग स्वतःहून बोलला. "पोरी, मी लग्नाला येनार. पन मागं नाय उभा ऱ्हानार. पयले मना कलायचं तरी, अंगाला किती वास हाय. दोनदा धुवायचं का तीनदा, ते कलायचं. आता कायच कलत नाय. त्या लोकांच्यात मी तसाच उभा ऱ्हायलो तर? आनि तू तर बोलून मोकली व्हशील."

शेवटचं वाक्य त्यानं रागानं म्हटलं नाही. सहज म्हटलं. मी दुकानात स्टुलावर बसले आणि रडले. शेठ पाणी आणायला आत गेले.

लग्न देवळाच्या सभागृहात होतं. पन्नास खुर्च्या लांब लांब मांडलेल्या, जो तो मास्क लावून, त्यामुळे कोण हसतंय आणि कोण नाराज आहे काही कळत नव्हतं. माझ्यासारखीची किती कुचंबणा! मला साडीवर शोभेल असा हिरव्या काठाचा मास्क शिवला होता. आतल्या खोलीत मला नेसवत होते, तेवढ्यात दारातून अत्तराचा असा लोट आला की नेसवणाऱ्या काकू म्हणाल्या, "अगं बाई, बाटली फुटली की काय?"

फुटली नव्हती, मामा आला होता. स्वतःला काही कळत नाही म्हणून त्यानं अख्खी बाटली अंगावर उपडी केली होती. नवा पांढरा शर्ट, टोपी, आणि पहिल्या रांगेपर्यंत डोळ्यांना पाणी. दाराच्या फटीतून मला दिसलं, मुलाच्या आत्यांनी मास्कवरून पुन्हा पदर लावला, या वेळी अत्तरापायी. मामानं तो पदर पाहिला. आणि तो गेला, कुठे? खिडकीपाशी.

भटजींनी हाक दिली, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

कुणी हललं नाही. भटजींनी पुन्हा हाक दिली. आई मामाकडे बघत होती, मामा खिडकीबाहेर बघत होता. मी खोलीतून निघाले, हातात नारळ, कपाळावर मुंडावळ्या, आणि अंतरपाटाकडे न जाता सरळ खिडकीकडे गेले. सगळं सभागृह बघत होतं. बघू दे म्हटलं.

"चल," मी म्हणाले.

"मुहूर्त टलेल गो. काकाला सांग कोनातरी."

"मामा, चल."

तो खाली बघत पुटपुटला, "आधी हुंग. खरं सांग. म्हावऱ्याचा वास येतोय कं? खोटं बोलायचं नाय."

मी मास्क काढला आणि त्याच्या खांद्याशी नाक नेलं. त्यानंच शिकवलं होतं तसं, एकदाच. अत्तर आलं, साबण आला, नव्या शर्टाची खळ आली. बाकी काही नाही. एवढं शोधूनसुद्धा काहीच नाही. खरं सांगते, मला धस्स झालं. असा मामा मला माहीतच नव्हता.

"नाही येत," मी म्हणाले.

"आयशप्पत?"

"आईशप्पथ. अजिबात नाही येत."

त्याचे खांदे खाली आले. इतक्या महिन्यांनी त्यानं माझ्याकडे सरळ पाहिलं, आणि माझा दंड धरला. "चल मंग. उगा उशीर करतेस," असं मलाच वर म्हणाला.

अंतरपाट धरला. मामा माझ्या मागे उभा राहिला, छाती काढून. मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता पडायला लागल्या. माझं लक्ष कशातच नव्हतं. पलीकडे उभ्या असलेल्याचे पाय बघायचे, ते सोडून मी श्वास घेत होते, अत्तर, अत्तर, नुसतं अत्तर. तिसऱ्या की चौथ्या मंगलाष्टकाला माझी मुंडावळी सैल होऊन डोळ्यांवर घसरली. माझ्या हातात नारळ. मामानं मागून हात पुढे आणला, मुंडावळी वर सारली आणि नीट बसावी म्हणून बोटं माझ्या कपाळावर क्षणभर दाबून धरली.

जवळा. अत्तराखालून, साबणाखालून, लिंबाखालून, बारीकसा. मी डोळे मिटले.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलेलं त्याला बोटांनी कळलं असावं. वाकून कानाशी म्हणाला, "काय गो? काय झालं?"

आयुष्यात एवढं मोठं सांगण्यासारखं माझ्याकडे कधी नव्हतं. सांगितलं असतं तर तो हात मागे घेऊन पुन्हा खिडकीपाशी गेला असता. "काही नाही, मामा," मी म्हणाले, आणि कपाळ त्याच्या हातावर तसंच टेकून उभी राहिले.